तीन अधिकचिन्हे आणि एका सेकंदाची शांतता : कोणत्याही संगणकाला जोडता येणाऱ्या मोडेमचा इतिहास

१/
१९८१ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका लहान कंपनीने ॲल्युमिनियमच्या चपट्या डबीत बसवलेला एक मोडेम बाजारात आणला. नाव होते ‘स्मार्टमोडेम’. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. हा वेग तर १९६२ सालच्या मोडेमलाही होता. तरीही घरगुती संगणकांच्या इतिहासाचे या डबीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन भाग पडतात. त्याचे कारण वेग नव्हे. ही डबी जवळजवळ कोणत्याही संगणकाला जोडता येत होती. तसे करणे इतके अवघड का होते आणि ते कसे साधले, याविषयी हा थ्रेड.

२/
आधी मोडेम म्हणजे काय ते पाहू. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली होती. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यातले स्वरच तिच्यातून नीट जात. संगणकाचे शून्य आणि एक तिच्यातून पाठवायचे, तर त्यांचे स्वरात रूपांतर करावे लागे. १९६२ च्या ‘बेल १०३’ या मोडेमने दोन्ही बाजूंना वेगवेगळे सूर वाटून दिले. फोन लावणाऱ्याचा ‘एक’ १२७० हर्ट्झचा आणि ‘शून्य’ १०७० चा. फोन घेणाऱ्याचा ‘एक’ २२२५ चा आणि ‘शून्य’ २०२५ चा. त्यामुळे एकाच तारेवरून दोघांना एकाच वेळी बोलता येई.

३/
पहिला अडथळा मात्र कायद्याचा होता. अमेरिकेतील टेलिफोनचे जाळे बहुतांशी एटी अँड टी या एकाच कंपनीच्या ताब्यात होते आणि आपल्या तारेला परके यंत्र जोडण्यास तिची मनाई होती. त्यावर तंत्रज्ञांनी एक पळवाट काढली. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत बसवायचा. मोडेम रिसीव्हरच्या तोंडाशी ‘शिट्टी’ वाजवी आणि त्याच्या कानाशी ऐके. तारेला कोणी हात लावला नाही, म्हणजे नियमही मोडला नाही! हाच ‘अकूस्टिक कपलर’.

४/
ही कोंडी फोडली टेक्सासमधल्या टॉमस कार्टर या व्यावसायिकाने. त्याचे ‘कार्टरफोन’ हे उपकरण बिनतारी संचाला टेलिफोनशी जोडत असे. एटी अँड टीने हरकत घेतली आणि प्रकरण केंद्रीय दळणवळण आयोगापुढे गेले. १९६८ मध्ये निकाल कार्टरच्या बाजूने लागला : जाळ्याला अपाय होत नसेल, तर बाहेरचे उपकरण जोडता आले पाहिजे. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणांच्या नोंदणीची पद्धत रूढ झाली आणि मोडेम थेट टेलिफोनच्या तारेला जोडता येऊ लागला. मोडेमचे एक टोक मोकळे झाले. प्रश्न उरला दुसऱ्या टोकाचा.

५/
ते दुसरे टोक म्हणजे संगणक. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला आणि हौशी लोकांच्या घरी संगणक आला. त्याच्या आतील मुख्य वाहिनीला, म्हणजे ‘बस’ला, १०० टोके होती, म्हणून तिला ‘एस-१००’ म्हणत. १९७७ मध्ये ॲपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे बाजारात आली. ॲपलच्या खाचा ५० टोकांच्या, पेटची जोडणी प्रयोगशाळेतल्या मापनयंत्रांना वापरतात तशी, टीआरएस-८० ची त्याहून निराळी. एका संगणकासाठी बनवलेले कार्ड दुसऱ्यात बसतच नसे.

६/
याच १९७७ साली अटलांटा परिसरात डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी मोडेम बनवायला सुरुवात केली. दोघे ‘नॅशनल डेटा कॉर्पोरेशन’मध्ये एकत्र काम करत होते, त्यामुळे टेलिफोनवरून माहिती पाठवण्याचा व्यवहार त्यांना जवळून ठाऊक होता. हेजकडे धंद्याची दृष्टी होती, हेदरिंग्टनकडे सर्किट रचण्याची हातोटी. त्यांचे पहिले उत्पादन एस-१०० संगणकात बसणारे कार्ड होते : ‘८०-१०३ए’.

७/
या कार्डाचे वैशिष्ट्य असे, की संगणक स्वतःच त्याच्यावर हुकूमत चालवी. कार्डातील ठरावीक जागी ठरावीक बिट लिहिला, की फोन ‘उचलला’ जाई. तोच बिट तालात चालू-बंद केला, की नंबर फिरे. माणसाने रिसीव्हर उचलण्याची गरजच उरली नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी स्यूस यांनी ‘सीबीबीएस’ ही सार्वजनिक सूचनाफलकासारखी सेवा सुरू केली, तीही हेजच्याच कार्डावर. घरातला संगणक अनोळखी माणसाचा फोन आपणहून उचलू लागला होता.

८/
१९७९ मध्ये हेजने ॲपल २ साठी ‘मायक्रोमोडेम २’ आणला. कार्ड संगणकाच्या आत, आणि टेलिफोनच्या तारेशी प्रत्यक्ष संबंध येणारा भाग ‘मायक्रोकपलर’ नावाच्या वेगळ्या डबीत. खप उत्तम झाला. पण याच यशातून पुढची अडचण समोर आली. एस-१०० साठी एक कार्ड, ॲपलसाठी दुसरे. उद्या आणखी कोणी नवा संगणक काढला, तर तिसरे. आणि प्रत्येक कार्डाला हुकूम देण्याची रीत वेगळी असल्याने प्रोग्रामही दर वेळी नव्याने लिहायचे.

९/
हिशेब सोपा आहे. पाच प्रकारचे संगणक आणि पाच प्रकारचे प्रोग्राम असतील, तर जुळवण्या पंचवीस. लहान कंपनीला हे पेलणारे नव्हते. शिवाय कोणता संगणक टिकेल आणि कोणता दोन वर्षांत नाहीसा होईल, हे सांगणेही अशक्य होते. ज्याच्यासाठी कार्ड बनवले तोच बंद पडला, तर मालाचा साठा तसाच पडून राहणार. म्हणून शोध सुरू झाला तो सर्व संगणकांत समान असलेल्या एखाद्या दाराचा.

१०/
असे एक दार होते : आरएस-२३२. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स उद्योग संघटनेने १९६० मध्ये ठरवलेला आणि १९६९ मध्ये सुधारलेला हा सिरियल जोडणीचा संकेत. यात बिट एकामागून एक, एकाच तारेवरून जातात. एक तार जाण्यासाठी, एक येण्यासाठी. बाकीच्या तारांवरून ‘मी तयार आहे’, ‘समोरचा सूर ऐकू येतोय’, ‘घंटी वाजतेय’ असे इशारे दिले जात. बहुतेक संगणकांना हे दार आधीपासून असे किंवा वेगळे कार्ड घालून लावता येई.

११/
पण या दारातही एक उणीव होती. आरएस-२३२ मध्ये मोडेमला ‘अमुक नंबर फिरव’ असे सांगायची सोयच नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांसाठी त्या काळी ‘बेल ८०१’ हे निराळे यंत्र असे, आणि त्याचे काम फक्त नंबर फिरवण्याचे. त्याची जोडणी वेगळी, तिचा संकेतही वेगळा : आरएस-३६६. म्हणजे बोलण्यासाठी एक दार आणि नंबर फिरवण्यासाठी दुसरे. घरगुती संगणकाला एक दार मिळताना मारामार. दुसरे कोठून आणणार?

१२/
मार्ग मोजकेच होते. पहिला : नंबर माणसाने हाताने फिरवावा. मग स्वयंचलित मोडेमचा अर्थच उरत नाही. दुसरा : आरएस-२३२ मधल्या न वापरलेल्या तारांना नवी कामे द्यावीत. पण अनेक संगणकांत त्या तारा जोडलेल्याच नसत. तिसरा : दुसरे दार उघडावे, म्हणजे खर्च दुप्पट. चौथा मार्ग उरतो : ज्या तारेवरून मजकूर जातो, तिच्यावरूनच हुकूमही पाठवावेत. हा मार्ग स्वस्त, कारण अक्षर पाठवणे कोणत्याही संगणकाला येते. पण धोकादायकही, कारण मजकूर कोणता आणि हुकूम कोणता, हे मोडेमने ओळखायचे कसे?

१३/
हेज आणि हेदरिंग्टन यांनी चौथा मार्ग निवडला. मोडेममध्येच एक लहान मायक्रोप्रोसेसर बसवला आणि मोडेमच्या दोन अवस्था ठरवल्या. ‘आज्ञा’ अवस्थेत संगणकाकडून आलेले प्रत्येक अक्षर मोडेम स्वतःसाठी वाचतो. फोन लागला, की तो ‘मजकूर’ अवस्थेत जातो आणि प्रत्येक अक्षर जसेच्या तसे पलीकडे पाठवतो. हुकूम समजून घेण्याचे ओझे संगणकावरून उतरून मोडेमवर आले. नावातला ‘स्मार्ट’ हा शब्द त्याचसाठी.

१४/
हुकूम माणसालाही टाइप करता येतील इतके साधे होते. प्रत्येकाची सुरुवात ‘एटी’ या दोन इंग्रजी अक्षरांनी. ‘अटेन्शन’चा संक्षेप, म्हणजे ‘लक्ष दे’. ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर : सुरांनी फोन लाव. ‘एटीडीपी’ : जुन्या तबकडीच्या फोनसारखे ठोके देऊन लाव. ‘एटीए’ : फोन उचल. ‘एटीएच’ : फोन ठेव. मोडेमची उत्तरेही शब्दांत येत : ‘ओके’, ‘कनेक्ट’, ‘रिंग’, ‘नो कॅरिअर’. वाचणारा माणूस नसून प्रोग्राम असेल, तर हीच उत्तरे नुसत्या अंकांत देण्याची सोय होती.

१५/
ही दोन अक्षरे आणखी एका कारणाने उपयोगी होती. संगणक कोणत्या वेगाने बिट पाठवत आहे, हे मोडेमला आधी माहीत नसे. सिरियल जोडणीत प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘शून्य’ जातो. इंग्रजी ‘ए’चा पहिला बिट ‘एक’ असल्याने तो आरंभीचा शून्य एकटा, सुटा दिसतो. तो किती वेळ टिकला हे मोजले, की वेग कळला. ‘ए’मध्ये ‘एक’ दोनदा येतो, म्हणजे समसंख्या. ‘टी’मध्ये तीनदा, म्हणजे विषम. त्यामुळे दोन्ही अक्षरांचा आठवा बिट तपासला, की समोरचा संगणक चूक पकडण्यासाठी कोणती पद्धत वापरतो, तेही समजे. लक्ष वेधणारी हाकच ओळख पटवून देई.

१६/
आता अपुऱ्या तारांचा प्रश्न. काही संगणक ‘मी तयार आहे’ हा इशारा देतच नसत. काहींना ‘सूर ऐकू येतोय’ हा इशारा मिळाल्याशिवाय एक अक्षरही पाठवता येत नसे. पण फोन लागण्याआधी पलीकडचा सूर ऐकू येणार कसा, आणि अक्षर गेलेच नाही तर फोन लावायचा हुकूम द्यायचा कसा? यासाठी मोडेममध्ये लहान डिप स्विच होते. एक स्विच संगणकाचा इशारा ‘आलाच आहे’ असे मोडेमला मानायला लावी. दुसरा सुराचा इशारा संगणकाला सतत देत राही. आदर्श संगणकाची वाट न पाहता, जसे असतील तसे संगणक सांभाळून घेण्याची तजवीज या मोडेममध्ये होती.

१७/
सर्वांत अवघड प्रश्न शेवटी. फोन लागल्यावर मोडेम सगळी अक्षरे पलीकडे पाठवतो. मग ‘आता फोन ठेव’ हे त्याला सांगायचे कसे? ‘एटीएच’ असे टाइप केले, तर तेही पलीकडेच जाणार. काहीतरी खूण हवी. हेजने खूण ठरवली ती सलग तीन अधिकचिन्हांची : +++. पण ती पुरेशी नाही. समजा, कोणी मोडेमच्या माहितीपुस्तिकेचीच फाइल पाठवली आणि तिच्यात ही तीन चिन्हे आली, तर? फाइल अर्धी जाईल आणि मोडेम हुकमाची वाट पाहत बसेल.

१८/
हेदरिंग्टनने शोधलेला तोडगा असा : या चिन्हांच्या आधी सुमारे एक सेकंद आणि नंतर सुमारे एक सेकंद काहीही आलेले नसावे. मगच तो हुकूम. फाइल जाताना अक्षरे एकापाठोपाठ धावत असतात. मध्येच पूर्ण सेकंदाची शांतता, नेमकी तीन अधिकचिन्हे, आणि पुन्हा सेकंदाची शांतता, असा योग आपोआप जुळून येणे जवळजवळ अशक्य. अक्षर कोणतेही असो, ते मजकुरात येऊ शकते. शांतता मात्र अक्षरांत मोजली जात नाही. म्हणून हुकमाची खरी खूण अधिकचिन्हांत नव्हती, ती भोवतालच्या दोन सेकंदांत होती.

१९/
परिणाम झपाट्याने दिसला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश. दारांचे आकार बदलत राहिले : २५ टोकांचे, ९ टोकांचे, पुढे मॅकचे ८ टोकांचे गोल. पण फक्त केबल बदलावी लागे, मोडेम तोच. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही एकच भाषा शिकणे पुरे झाले. ती भाषा येत नसेल तर मोडेम विकला जाईना, म्हणून इतर उत्पादकांनीही ती उचलली आणि खोक्यांवर ‘हेज कम्पॅटिबल’ असे छापले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय समितीचा ‘व्ही.२५ बिस’ हा अधिकृत संकेत उपलब्ध होता, पण घरगुती संगणकांच्या बाजारात हेजच्या भाषेपुढे त्याचा निभाव लागला नाही.

२०/
इथे पेच निर्माण झाला. हुकमांची भाषा सर्वांनी उचलली, पण त्या दोन सेकंदांचे पेटंट हेजला ऑक्टोबर १९८५ मध्ये मिळाले. संशोधक म्हणून नाव हेदरिंग्टनचे. कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडे परवानाशुल्क मागितले. काहींनी भरले, काही न्यायालयात गेले. प्रतिस्पर्ध्यांचे म्हणणे, ही तर साधी युक्ती. १९९१ मध्ये ज्युरीने हेजच्या बाजूने निकाल दिला आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. शांततेचा वापर करण्यासाठी पैसे मोजावे लागणार, हे निश्चित झाले.

२१/
शुल्क टाळण्यासाठी काही उत्पादकांनी शांततेची अटच काढून टाकली. त्यांची नवी खूण : तीन अधिकचिन्हे, लगेच ‘एटी’, लगेच एखादा ग्राह्य हुकूम. एवढे सगळे मजकुरात सलग कधी येणार, असा त्यांचा अंदाज. अपघाताने ते सहसा येत नाही, हे खरे. पण कोणी मुद्दाम पाठवले तर? १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही उपद्व्यापी लोकांनी तेच केले. ‘पिंग’ या चौकशीच्या संदेशात त्यांनी ‘+++एटीएच०’ ही अक्षरे घालून दिली. पिंगचा नियम असा, की आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. समोरचा संगणक इमानेइतबारे तो परत पाठवी, त्याच्याच मोडेमला तो हुकूम वाटे, आणि मोडेम फोन ठेवून देई. दोन सेकंद पाळणाऱ्या मोडेमवर या खोडीचा काही परिणाम होत नसे.

२२/
हेज कंपनीचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. जी भाषा सर्वांना मोकळी होती, तीच स्वस्त माल विकणाऱ्यांनाही मोकळी होती. ‘कम्पॅटिबल’ मोडेम निम्म्या दरात मिळू लागल्यावर मूळ नावासाठी जास्त पैसे कोण देणार? हेदरिंग्टन १९८० च्या दशकाच्या मध्यावरच कंपनीतून बाहेर पडला होता. १९९४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, त्यातून ती सावरली. १९९८ मध्ये पुन्हा तीच वेळ आली आणि १९९९ मध्ये तिची मालमत्ता विकून टाकण्यात आली. जोडणीचा प्रश्न इतका नीट सुटला होता, की तो सोडवणाऱ्याची गरज कोणाला उरली नव्हती.

२३/
या भाषेचा भारताशीही संबंध आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, ती डायल-अपच होती. सुरांचा फोन घेणाऱ्या एक्स्चेंजवर ‘एटीडीटी’, जुन्या एक्स्चेंजवर ‘एटीडीपी’. जॉर्जियात ठरलेल्या या चार अक्षरांतला फरक भारतातल्या ग्राहकांनाही कळून घ्यावा लागला. मोडेम कोणत्याही कंपनीचा असो, हुकूम हेजचेच.

२४/
हा इतिहास पुरता संपलेलाही नाही. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एटी हुकमांना अधिकृत संकेताचे रूप दिले. आज तो ‘व्ही.२५०’ या नावाने ओळखला जातो. मोबाइल फोनच्या संकेतांनीही तीच भाषा पुढे नेली. आज वाहनांतील जीपीएस ट्रॅकरसारख्या यंत्रांत जे सेल्युलर मोड्यूल असतात, त्यांपैकी बहुतेक अजूनही ‘एटी’ ऐकूनच जागे होतात आणि ‘ओके’ म्हणतात. तबकडीचा फोन गेला, ती तार गेली, हेजही गेली.

२५/
तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण सहसा वेगाच्या नोंदी ठेवतो : ३०० बिट, १२०० बिट, ५६ हजार बिट. स्मार्टमोडेमने वेगाचा एकही विक्रम केला नाही. प्रत्येक संगणकाकडून कमीत कमी काय मागता येईल, एवढाच प्रश्न त्याच्या रचनाकारांनी विचारला. उत्तर मिळाले : अक्षर पाठवता येणे आणि गरज पडेल तेव्हा एक सेकंद गप्प राहता येणे. यांतली अक्षरे सर्वांनी घेतली. गप्प राहणे ज्यांनी गाळले, त्यांच्या ग्राहकांचे फोन मध्येच तुटत राहिले.

#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास #थ्रेड